क्लचचा खर्च कोणी भरला?

नोकरीत दरोडे पाहिले, मारामाऱ्या पाहिल्या. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण एका लहान ट्रॅक्टरच्या क्लचचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. नव्वदच्या दशकात मी पेण ठाण्यात फौजदार होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्यातली माणसे अजून त्याच भागात आहेत, म्हणून नाव कोणाचेच घेत नाही.

गणपती तोंडावर आले होते. पेणमधून मूर्तींचे ट्रक निघत होते आणि रस्त्यावर वाहतुकीची बोंब होती. अशा गडबडीत गडब गावापलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातला शेतकरी ठाण्यात आला. कंपनीत गेलेल्या जमिनीच्या पैशातून त्याने लहान ट्रॅक्टर घेतला होता. भाताच्या छोट्या खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून हा लहान. भावाच्या ऑपरेशनसाठी तो बरेच दिवस मुंबईला होता. गणपतीसाठी घरी आला तर ट्रॅक्टर जागेवर नाही.

मी विचारले, "संशय कोणावर?"

"ड्रायव्हरवर. डोंगराखालच्या कातकरवाडीतला हाय. वाडीवर जावा साहेब, दुसरीकडं बघायची गरज नाय."

"घरी कोण होतं?"

"बायको. ती बोलते, मना काय ठाव नाय."

हे मला खटकले. ट्रॅक्टर म्हणजे काही कोंबडी नव्हे, की काखेत मारली आणि चालू लागले. सुरू झाला की शेजारच्या गावाला कळते. पण फिर्याद दखलपात्र गुन्ह्याची होती. चोरीचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि खबऱ्यांना निरोप धाडले.

या माणसाची माहिती काढली तेव्हा गावात त्याच्याबद्दल फारशी माया दिसली नाही. खाऱ्या चिखलाने लोखंड गंजते म्हणून तो ट्रॅक्टर रोज गोड्या पाण्याने धुवायचा. ज्या गावात बायका हंडाभर गोड्या पाण्यासाठी ताटकळत उभ्या राहतात, तिथे हे बघून लोकांच्या पोटात दुखणारच. ट्रॅक्टरला तो कोणाला हात लावू देत नसे. ड्रायव्हरनेसुद्धा त्याच्या देखरेखीखालीच चालवायचा.

खबर रोह्यातून आली. तिथल्या आमच्या खबऱ्याने सांगितले की एका वर्कशॉपच्या मागच्या अंगणात लहान ट्रॅक्टरचे दोन तुकडे करून ठेवलेत आणि पेणकडचा एक कातकरी तिथेच मुक्काम ठोकून आहे. रोहा ठाण्याला कळवून आम्ही निघालो. खबर खरी होती. इंजिन आणि पुढची चाके एका बाजूला लाकडी ठोकळ्यांवर, मागची मोठी चाके दुसऱ्या बाजूला, मध्ये माणूस झोपेल एवढी जागा. नंबर जुळला. आमचे हवालदार म्हणाले, "वेळेत आलो साहेब, नायतर भंगारात गेला असता."

ड्रायव्हर तिथेच रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत बसला होता. तिशीतला, काटक माणूस. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला. पळाला नाही. पळणारा माणूस आधी पळवाट बघतो, हा आमच्या तोंडाकडे बघत होता.

वर्कशॉपवाला मात्र घाबरला. हात पुसत म्हणाला, "साहेब, विकायला नाय खोललाय. क्लच जळलाय याचा. क्लच बसतो इंजिन आणि गिअरपेटीच्या मधे, तिथं हात पोचायला ट्रॅक्टर मधोमध सोडवावाच लागतो."

"खर्च किती?"

"प्लेट, बेरिंग, मजुरी धरून तीन हजारांच्या घरात. निम्मं सामानाचं, निम्मं खोलून जोडायचं."

"आणि देणार कोण?"

"दिले की आगाव. यानंच आणले." त्याने गल्ल्यातून एक पिशवी काढून दाखवली. दोनच्या, पाचच्या, दहाच्या चुरगळलेल्या नोटा आणि ढीगभर नाणी. पिशवीला सुक्या बोंबलाचा वास येत होता.

परत येताना जीपमध्ये आमची जुंपली. मी म्हणालो, चोर माल विकतो, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करत नाही. हवालदार म्हणाले, "चालू ट्रॅक्टरला भाव बरा येतो साहेब. आणि एवढे पैसे याच्याकडं आले कुठून? आणखी एखादं घर फोडलं असेल." बोलणे बिनबुडाचे नव्हते. रोजंदारीवरच्या माणसाला तीन हजार जमवायचे तर दोन-तीन महिने उपाशी राहावे लागेल, असे ते दिवस होते.

ठाण्यात त्याला चहा दिला. तो त्याने जमिनीवर बसूनच घेतला. अटक अजून दाखवली नव्हती, चौकशीसाठी आणले एवढेच.

"ट्रॅक्टर तू नेलास?"

"व्हय. मीच नेला."

"चावी?"

"व्हती माज्याकडं."

"क्लच कसा जळला?"

"माज्या हातनं जळला."

"पैसे?"

"माजंच."

इतकी सरळ कबुली मला सहसा मिळत नसे. बाकीचे ताकास तूर लागू देत नाहीत, हा सगळा हंडाच पुढे करत होता. पण का, कशासाठी, कोणी सांगितले, असे काही विचारले की तोंडात मिठाची गुळणी. आवाज चढवून पाहिला, गोडीने विचारून पाहिले, काही उपयोग झाला नाही. हवालदारांनी बोटांचे ठसे घ्यायचे सामान टेबलावर ठेवले तेव्हा मात्र तो हलला.

"साहेब, ठसं घेऊ नका."

"का?"

"एकदा ठसं गेलं का दर चोरीला गाडी वाडीवर येते. कुणाची कोंबडी गेली तरी आमच्या पोरांना धरतात. गाडी दिसली का बाया लेकरं घेऊन डोंगरात जातात. माज्यापायी वाडीला तरास नको."

तो खोटे बोलत नव्हता. पोलिसांची ती सवय होती आणि ती मला ठाऊक होती. मी म्हणालो, "मग खरं काय ते सांग. कोणाच्या सांगण्यावरून नेलास ते सांग, ठसे घेत नाही."

 त्याने उजवा हात पुढे केला.

"मंग घ्या ठसं."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. ज्या गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त भीती होती ती पत्करून हा माणूस कोणाला तरी पाठीशी घालत होता. हवालदारांना म्हटले, सामान उचला, उद्या बघू. ते नाराज झाले, पण उचलले.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी गावात गेलो. फिर्यादी बरोबर होताच. एरवी चोरी झालेल्या गावात पोलीस आले की न विचारता माहिती देणाऱ्यांची रीघ लागते. इथे पंच म्हणून सही करायला दोन माणसे मिळेनात. एकाला शेतावर जायचे होते, दुसऱ्याचा पाय मुरगळला होता, तिसऱ्याला दिसत नव्हते, आणि तो मला बीडी पेटवताना चांगला दिसला. पोलीस पाटील, म्हणजे गावात आमचाच माणूस, तोही आभाळाकडे बघत होता. एका घराला माहीत असते तर एक घर गप्प राहिले असते. इथे अख्खे गाव गप्प होते.

मी पाटलाला म्हटले, चला, जरा बांधापर्यंत फिरून येऊ. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा लांब बांध आहे. उधाणात तो फुटला, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड पडली, की भात तर जातेच, पण मिठाने जमीनही पुढची दोन-तीन वर्षे पिकत नाही. चालता चालता बांधावर एक ठिकाण दिसले. सगळीकडे गवत, तिथे मात्र नुसती करडी माती. पायथ्याला मोठमोठे धोंडे. आणि त्याच्या अगदी मागे पोटरीत आलेले हिरवेगार भात.

"हे शेत कोणाचं?"

"माझंच," फिर्यादी म्हणाला. खांडीची मातीही तो पहिल्यांदाच बघत होता.

"पाटील, हे धोंडे इथवर कसे आले? हे डोक्यावरून आणण्यातले नाहीत."

पाटील म्हणाले, "नारळी पौर्णिमेच्या उधाणाला दुपारी खांड पडली साहेब. दर घरातनं एक माणूस खांडीवर जातो, ही आमची रीत हाय. कोण आला, काय आणला, कोनाचं काय मोडला, मागनं बोलायचं नाय. बोललं का हिशेब निघतात, आन हिशेब निघाले का पुढल्या खांडीला माणूस येत नाय."

मी फिर्यादीकडे वळलो. "तुम्ही तर मुंबईला होतात. मग तुमच्या घरातून कोण गेलं?"

 हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. त्या गावात ज्या घरातला माणूस खांडीवर जात नाही, त्या घराशी कोणी सोयरीक करत नाही. त्याचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला.

मागे बायकांचा घोळका येऊन उभा होता. त्यातून त्याची बायको पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती माझ्याशी नाही, नवऱ्याशीच बोलली.

"आपल्या घरातनं ट्रॅक्टर गेला. घरात माणूस नव्हता म्हणून मी ट्रॅक्टर धाडला. चावी मी दिली. त्यो नको बोलत व्हता, मीच त्याला बसवला."

"मना का नाय सांगितला?"

"कोनाला हात लावू दिलास तं घरात पाय ठेवू नको, असा तुमीच बोलला व्हता."

 नवरा तिथेच ओल्या मातीत बसला. पुढचे मग पाटलांनीच सांगितले. पुढच्या भरतीच्या आत धोंडे पोचवायचे म्हणून चिखलातून ओझे ओढताना ड्रायव्हरने क्लच अर्धा दाबून धरला होता. धोंडे पोचले, खांड बुजली, भात वाचले, पण क्लच जळाला. त्याच्या पायात चूक नव्हती, घाई सगळ्या गावाची होती. म्हणून घराघरातून वर्गणी निघाली. पेणच्या मेकॅनिकांना तो ट्रॅक्टर ओळखीचा, बातमी मुंबईला पोचली असती, म्हणून टेम्पोत घालून रोह्याला नेला. मालक यायच्या आत गुपचूप जागेवर आणून ठेवायचा, असे ठरले होते. चांगले काम चोरून करायला गेले आणि चोरीच अंगाशी आली.

फिर्याद गैरसमजुतीतून दिली असा जबाब मालकाने त्याच दिवशी दिला. गैरसमजातून नोंदलेला गुन्हा बंद करण्यासाठी कोर्टाकडे 'क' समरी मागितली, ती पुढे मंजूर झाली. रोह्याच्या दुरुस्तीची वर्गणी परत द्यायला तो घरोघर फिरला, पण एकाही घराने घेतले नाहीत.

त्याच संध्याकाळी मालक ठाण्यात आला. ड्रायव्हर बाकाशेजारी जमिनीवरच बसला होता.  मालक त्याला म्हणाला, "चल. उद्या रोह्याला जाऊ. चालवत तूच आण."  मला त्या माणसाचा राग आला होता, तो तिथे ओसरला.

निघताना ड्रायव्हरला मी थांबवले. मला राहवले नाही. "बांधाआड तुझं वीतभर शेत नाही. मालकीणबाईंचं नाव सांगून मोकळा झाला असतास. ठसे द्यायला का तयार झालास?"

तो दारातच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, त्या दिवशी खांडीवर पाटलांनी घराघराचा एक-एक माणूस मोजला. त्या घराचा माणूस म्हून मना मोजला. आजवर आमाला कोन मोजत नव्हता. मंग घरची गोष्ट पोलिसात कशी सांगू?"

कबुली मिळाली की तपास संपला, असे आम्हाला वरिष्ठ सांगत. या प्रकरणानंतर मी उलटे शिकलो. माणूस सगळे झटपट स्वतःवर घेऊ लागला की त्याच्या मागे कोण उभे आहे ते आधी बघावे. नव्या फौजदारांना मी हेच सांगत आलो.

आणि दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, फक्त केली. पेणला होतो तोवर कुठल्याही चोरीत त्या वाडीवर पहिली गाडी पाठवली नाही.