मागच्यासारखंच ना?

माझ्या धाकट्या बहिणीचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘पण’ होता, असं आमचे बाबा सांगतात. बाबांना तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, तरी या बाबतीत माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. दूध पी म्हटलं, पण. झोप म्हटलं, पण. म्हणून घरात तिचं नाव पणू पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. अशा मुलीने पदवीला अर्थशास्त्र घेतलं यात नवल ते काय? त्या विषयात म्हणे सरळ उत्तर दिलं की मार्क कापतात.

मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासते, फ्रेमचे स्क्रू पिळते, काडी कानामागे टोचते का ते बघते. माझ्या कामात माणसाला एक तर दिसतं किंवा दिसत नाही. पणूचं अर्थशास्त्र मला लष्कराच्या भाकऱ्यांसारखं वाटायचं आणि ते मी तिच्या तोंडावर सांगायचे.

तिचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यातलं तिसरं वर्ष कॉलेजात नसतं, खऱ्याखुऱ्या कचेरीत काम करायचं असतं. त्याला ते प्लेसमेंटचं वर्ष म्हणतात. तिच्या मैत्रिणी बँकांमध्ये गेल्या, काचेच्या इमारतींत गेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवून फोटो टाकू लागल्या. पणूच्या वाट्याला आलं बेरोजगारीचे आकडे काढणारं सरकारी कार्यालय.

“बेकार मोजायची नोकरी!” मी म्हटलं. “स्वतःपासून सुरुवात कर.”

“पण मी आता बेकार नाही ना,” ती म्हणाली. तेही खरंच होतं.

दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली होती. कापड लावलेले आडोसे, प्रत्येक आडोशात एक संगणक, एक खुर्ची आणि कानाला लावायचा हेडफोन. हेडफोनचा फोम जुना होऊन भुगा व्हायला लागला होता, त्यामुळे पणू घरी यायची ती कानावर काळे कण घेऊन. मी ते ओल्या फडक्याने पुसायचे आणि ती मला काम समजावायची.

काम असं, की संगणकाने काही घरं निवडलेली असतात. त्या घरांना दर तीन महिन्यांनी फोन करायचा, असा पाच वेळा. पाच झाले की ते घर सुटलं, पुन्हा कुणी त्रास द्यायचा नाही. घरात कोण राहतं, कोण काम करतं, कोण शोधतंय, एवढंच विचारायचं. घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली तरी चालतात. मागच्या वेळची उत्तरं पडद्यावर तयारच असतात, त्यामुळे त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलेलं होतं. घरात काही बदल झाला आहे का, हा छापलेला लांबलचक प्रश्न कुणी वाचायचं नाही. सगळे विचारायचे, “मागच्यासारखंच ना?” समोरचा हो म्हणायचा आणि सगळे पुढच्या घराकडे वळायचे.

“आणि एवढ्यावरून सगळ्या देशाची बेकारी काढता?” मी विचारलं. “हे म्हणजे सुतावरून स्वर्ग.”

“शितावरून भात,” ती म्हणाली. “एक माणूस आमच्या हिशेबात चार-पाचशे माणसांच्या जागी उभा असतो. तो काम शोधतोय म्हटलं, की त्याच्यामागे तसेच चार-पाचशे शोधतायत असं धरायचं.”

तेव्हा आम्ही हसलो होतो.

तिच्या वाट्याच्या घरांत एक घर होतं दोन माणसांचं. वडील निवृत्त, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारे. मुलगा काम शोधणारा. पहिले दोन फोन आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने केले होते, तिसरा पणूने केला. काका बोलायला गोड. “इतकी वर्षं लोकांना वर पाठवायचं काम केलं, पण एकानेही शिवी दिली नाही,” असं म्हणाले. पणू खळखळून हसली आणि मग तिने विचारलं, “मुलाचं मागच्यासारखंच ना? काम शोधतायत?”

“शोधतोय,” काका म्हणाले. “आत्ताच बाहेर पडलाय.”

तीन महिन्यांनी चौथा फोन केला. काकांनी तिचा आवाज ओळखला. चौकशी केली, परीक्षा कधी, घरी कोण कोण. मुलगा? शोधतोय. बाहेर गेलाय. पणूने पुढचं बटण दाबलं, तशी पडद्यावर मुलाच्या वयाची चौकट आली. जन्मतारखेवरून वय संगणकच वाढवतो, माणसाने फक्त बरोबर म्हणायचं.

“वय आता बत्तीस, बरोबर ना काका?”

“एकतीस.”

“पण जन्मतारखेप्रमाणे बत्तीस होतात. मागच्याच महिन्यात झाले.”

काका अगदी हळू म्हणाले, “तो एकतीसचाच आहे, बाळ.”

पणूला कळलं, तो बत्तीसचा कधी होणारच नव्हता. तिने ‘बरोबर’ दाबलं, ‘मागच्यासारखंच’ दाबलं आणि फोन ठेवला. मग ती जिन्यात जाऊन बसली.

ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा मी भाजी चिरत होते. माझा हात थांबला. तरी तोंड माझंच, ते म्हणालं, “अगं, म्हातारा माणूस, वय विसरला असेल.”

“ते बाकी सगळं सांगतात, ताई. मुलाने कुणाकडे अर्ज केला, कोण काय म्हणालं, सगळं. फक्त दोन्ही वेळा तेच सांगितलं. तीच दोन दुकानं. तेच लोक. तेच उत्तर.”

त्यानंतर आमच्या घरात एक माणूस जास्तीचा राहायला आला म्हणा. एक काय, चार-पाचशे. पणूला ते दिसायला लागले. भुतं म्हणून नाही, साधी मुलं म्हणून. इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल, वय एकतीस. बँकेच्या पायऱ्या चढताना दिसायचे, दुकानाच्या काचेवर चिकटवलेली जाहिरात वाचताना दिसायचे. लिफ्टमध्ये शिरली की ती बाजूला सरकून मागच्याला जागा करायची. एकदा मी सोबत होते. मागे कुणीही नव्हतं आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. मी चिडले, कारण मला भीती वाटली की मी आधी चिडते.

“माणूस गेलाय, पणू. तू नाही मारलंस त्याला.”

“पण आत्ता तो काम शोधतोय,” ती म्हणाली. “दर महिन्याच्या आकड्यात आहे तो. पाचव्या फोनला मी विचारलं आणि काका बोलले, की तो थांबला. आणि नाही विचारलं, तर खोटा आकडा माझ्या सहीने गेला. तसंही पाचव्यानंतर काकांना त्याच्याबद्दल कुणीच विचारणार नाही.”

“मग कचेरीत विचार कुणाला तरी,” मी म्हटलं.

तिने कचेरीतल्या मोठ्या मॅडमना आडून आडून विचारलं. एखाद्या घरातला माणूस हयात नसेल असं वाटलं तर काय करायचं? मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. “वाटलं म्हणून आपण काही लिहीत नाही. घरच्या माणसाने सांगितलं तर लिहितो. प्रश्न छापलेला आहे ना? तो पूर्ण वाचायचा.” मग जाता जाता म्हणाल्या, “आपल्याकडे कुणी वाचत नाही तो.”

पाचवा फोन नेमका आमच्या घरातून करायची वेळ आली. कार्यालयात वायरिंगचं काम निघालं होतं, म्हणून सगळ्यांना घरून फोन करायला सांगितलं होतं. नियमाने त्या वेळी मी घरातही नको होते. पण माझ्या सुट्टीचा दिवस होता आणि आमच्या स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाही. मी गॅस बंद केला आणि उभी राहिले. मला फक्त पणूचा आवाज ऐकू येत होता.

“काका, मी बोलतेय... हो, मीच. तब्येत कशी आहे?... काका, आज मी प्रश्न पूर्ण वाचणार आहे.”

मग ती वाचायला लागली. शाळेत धडा वाचायची तशी, एकेक शब्द सुटा. “मागच्या वेळेपासून आजपर्यंत, तुमच्या घरात राहणाऱ्या माणसांमध्ये काही बदल झाला आहे का?”

नळातून थेंब पडत होता. मी तो बंद करायला हात पुढे केला आणि आवाज होईल म्हणून मागे घेतला.

“हो काका, शेवटचा,” पणू म्हणाली. “नाही, यानंतर कुणी करणार नाही.”

ती ऐकत राहिली, मध्येच एक तारीख विचारली. मग कळफलकावर बोटं पडल्याचा आवाज आला. सावकाश, अडखळत. आणि मग पणूने मोठ्याने एक नाव घेतलं. मुलाचं, वडिलांचं, आडनाव, असं पूर्ण नाव. थोडं थांबून तिने ते पुन्हा एकदा घेतलं. हाक मारावी तसं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचं नाव बाहेर सांगणार नाही अशी सही तिने केली आहे, आणि सही तिची असली तरी कान माझे होते.

काका काय म्हणाले ते तिने नंतर सांगितलं. म्हणाले, “आज पूर्ण वाचलंस. त्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तुझ्या आधीच्या त्या विद्यार्थ्याचा दुसरा फोन आला होता. मागच्यासारखंच ना, असं विचारलं त्याने. मला वाटलं, हो म्हटलं की तसंच राहील. आणि राहिलं की गं. दर तीन महिन्यांनी राहिलं.” मग म्हणाले, “बदल आहे. लिही.” तिने तारीख विचारली, कारण ती चौकट रिकामी सोडता येत नाही. त्यांनी सांगितली. शेवटी ते म्हणाले, “काढून टाकायच्या आधी त्याचं नाव एकदा मोठ्याने घे. घरात मी एकटाच. मी हाक मारली, तर मलाच मारल्यासारखी होते.”

तिने नाव घेतलं. आतल्या खोलीतून ओ यायची वाट बघावी तसे काका थांबले, असं पणू म्हणाली. ते तिला कसं कळलं कोण जाणे. पण तिने ते मला सांगितलं आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून रडलो. बाबा बाहेरून आले, आमच्याकडे बघितलं आणि न विचारता परत बाहेर गेले.

प्लेसमेंट संपली. चौथ्या वर्षाला पणू कॉलेजात परत गेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर बेरोजगारीचा ताजा आकडा लिहिला. किंचित खाली आला होता. कारणं सांगा, म्हणाले. मुलं पटापट बोलली. निर्यात वाढली, व्याजदर उतरले, बांधकामाचा हंगाम आला. सर खूश झाले. पणूने तो आकडा वहीत उतरवून घेतला.

“एका माणसाने आकडा हलत नाही, ताई,” तिने घरी येऊन सांगितलं. “हजारो घरं असतात. पण.”

पुढे ती बोललीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा ‘पण’ एकटाच उभा राहिला.

आता ती पास झाली आहे. त्याच कार्यालयात कायमची लागली आहे आणि प्रश्न पूर्ण वाचते. तिचे फोन इतरांपेक्षा कमी होतात म्हणून बोलणीही खाते. लिफ्टमध्ये जागा करायची तिची सवय गेली नाही. मी त्यावरून तिला चिडवायचे, हल्ली चिडवत नाही. कारण ते नाव माझ्याही कानात बसलंय. बिलावर कुणी त्या नावाचा पहिला शब्द सांगितला, तरी मी मान वर करून बघते.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. इस्त्रीचा शर्ट. चष्म्याची काडी तुटली होती, जोडून हवी होती. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं. पहिलं तेच आणि आडनावही तेच. खरं तर काडी जोडायला वय लागत नाही, तरी मी विचारलं.

“बत्तीस,” तो म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याकडे बघून वेड्यासारखी हसले. बिचारा गोंधळला. मी काडी जोडून दिली, काचा फुकट पुसून दिल्या आणि तो दारातून बाहेर पडतोय तोच पणूला फोन लावला. सगळं सांगितलं. बत्तीस, पणू, बत्तीसचा आहे!

ती ‘पण’ म्हणाली नाही. तिने विचारलं, “काम मिळालंय का गं त्याला?”

मी फोन तसाच हातात धरून दाराकडे धावले. रस्त्यावर माणसं येत-जात होती, बरेच शर्ट इस्त्रीचे होते, आणि त्यातला तो कोणता ते मला ओळखता आलं नाही.