मातीचं लुगडं

आमच्या थोरल्या जाऊबाई, लिडियाबाई, समोर माणूस आलं की त्याचं तोंड नंतर बघत. आधी अंगावरचं कापड बघत. आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांचा उपदेश अगदी रंगात आलेला असायचा आणि ह्यांची नजर पुढं बसलेल्या बाईच्या पाठीवर खिळलेली. घरी येताना मला हळूच सांगायच्या, आक्काबाईचं हिरवं लुगडं अजून दोन पावसाळे काढतंय, मग गोधडीला झ्याक होईल. उपदेश कशावर होता असं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. खरं म्हणजे मलाही सांगता यायचं नाही, पण माझ्याकडे गोधडीचंही निमित्त नव्हतं.

त्या गोधड्या शिवत. आमच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांच्याच नव्हे, मराठ्यांच्या बायकाही जुनेराची गाठोडी घेऊन त्यांच्याकडे येत. गोधडीला कोरं कापड चालत नाही. कोरं कापड ताठ असतं, टोचतं, सुईशी भांडतं. वर्षानुवर्षं कुणा बाईच्या अंगावर वापरलेलं, धुऊन धुऊन विरत आलेलं सुती लुगडंच पाहिजे, आणि तान्ह्या बाळाच्या गोधडीला तर दुसरं काही नकोच. दिवसभर लोकांच्या रानात खुरपायचं आणि दिवस मावळेपर्यंत ओसरीत गोधडी पसरून टाके घालायचे, असं त्यांनी सारं तरुणपण घालवलं. बोटांची चाळण झाली होती. दमलात का, असं विचारलं तर म्हणायच्या, दमायला सवड कुठं हाय.

सन चव्वेचाळीसचा हिवाळा होता. लढाई चालू होती आणि आमचे दोघींचे मालक खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला गेले होते. घरात आम्ही बायकाच: सासूबाई, जाऊबाई आणि मी. कापड कंट्रोलवर गेलेलं. दुकानदार मान वर न करता माल नाही म्हणायचा. ज्या बाईकडे दोन लुगडी होती तिचं एक फाटलं, आणि ती एकावर आली. विहिरीवर धुवायला गेलं की अर्धं नेसायचं आणि अर्धं वाळवायचं. मग जुनेर उरणार कुठून? आम्ही दुसऱ्याच्या रानात पोतीच्या पोती कापूस वेचत होतो आणि आमच्या अंगावर ठिगळं होती. मला ह्याचा फार राग यायचा. जाऊबाईंना राग येण्याइतकंही त्राण राहिलेलं नसायचं.

सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत मात्र एक कोरं लुगडं होतं. सासूबाईंचं नाव मनकर्णा; बाप्तिस्मा झाला तरी नाव तेच राहिलं. कोंबड्या पाळून, अंडी विकून त्यांनी लढाईच्या आधी ते लुगडं घेतलं होतं, पांढरं, बारीक काळ्या काठाचं. ते त्यांच्या मातीसाठी होतं. त्या लहान असताना दुष्काळात त्यांची आई गेली, तेव्हा तिला गोणपाटात गुंडाळून पुरली. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की पाठ झालं होतं, पण सांगताना दर वेळी त्यांची मान खाली जायची. मला धड कापडात न्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. दर थंडीला त्या पेटी उघडून आतला कडुलिंबाचा पाला बदलत. त्या लुगड्याला आम्हा सुनांना हातसुद्धा लावू देत नसत, आणि आम्हीही कधी लावला नाही.

जाऊबाईंची लेक हन्ना कर्जतकडे दिली होती. आदल्या हिवाळ्यात तिचं पहिलं मूल सासरीच झालं. थंडी बाधली, छाती भरली आणि बारसं व्हायच्या आतच ते गेलं. जाऊबाई तेव्हा लोकांच्या गोधड्या पुऱ्या करत बसल्या होत्या. नातवाची गोधडी शिवून ती घेऊन त्या कर्जतला पोचल्या, त्या नेमक्या त्याच्या मातीच्या दिवशी. त्याच गोधडीत गुंडाळून त्याला पुरलं. त्यांना कुणी बोल लावला नाही, हन्नाच्या सासूनंही नाही. त्यांनी स्वतःच तो लावून घेतला आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

म्हणून ह्या खेपेला हन्नाला आधीच माहेरी आणली. पोरगी झाली, अगदी मूठभर. नाताळच्या दिवशी तिचा बाप्तिस्मा करायचं ठरलं. आणि घरात तिला गुंडाळायला काय, तर आत गोणपाट घातलेली आमची जाडी वाकळ. तिच्याखाली ते लेकरू गुदमरलं असतं, नाहीतर सोलून तरी निघालं असतं. हन्ना तिला छातीशी धरून बसायची, खाली ठेवायलाच तयार नव्हती. थंडी तर रोज वाढत होती. जाऊबाई कापूस वेचून आल्या की आधी नातीच्या तोंडाशी हात धरून श्वास बघत आणि मगच पाणी पीत.

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी फडताळातून पितळेचा डबा काढला. आमच्या घरातलं वैभव म्हणाल तर तेवढंच. त्यांच्या आईनं दिलेला, झाकणावर वेलबुट्टी काढलेला. नाताळच्या करंज्या दर वर्षी त्यातच भरायच्या. कुठं निघालात म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, बोहारणीकडे. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. बोहारीण जुनी कापडं घेते आणि भांडी देते, आजवर सगळीकडे हेच चालत आलेलं. ह्यांना भांडं देऊन कापड आणायचं होतं.

सकाळचं वेचणीचं काम करूनच निघालो. दोन कोस चाललो. जाऊबाई एरवी माझ्या पुढं असत, त्या दिवशी मागं राहत होत्या. दोनदा रस्त्याच्या कडेला बसल्या, पायात काटा रुतला म्हणून. काटा काही मला दिसला नाही.

बाजारात शिंप्याकडे चिंध्या नव्हत्या. एरवी जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन बसणाऱ्या बायांची रांग असायची, तिथं त्या दिवशी केशरबाई नावाची एकटी बोहारीण बसली होती. पुढ्यात कुणाकुणाच्या घरातलं काय काय मांडलेलं. कंदिलाची काच, कान तुटलेले कप, तडा गेलेला आरसा. निळ्या काठाची एक चिनी बशीही होती, कपाशिवायची. ती बशी मला भारी आवडली. जाऊबाईंनी त्यातलं काही पाहिलंच नाही. त्यांनी डबा पुढं ठेवला आणि मऊ लुगडी मागितली.

केशरबाई आधी हसली. मग हसू आवरून म्हणाली, समदं जुनेर नगरला चाललंय, लष्कराच्या मोटारी पुसायला. आता तिलाच फिरून फिरून चिंधी मिळत नाही. पण तिचा हात डब्यावरून हटत नव्हता. लढाईमुळं पितळेला सोन्याचा भाव आला होता. तिनं गाठोड्याच्या तळातून दोन लुगडी काढली, छान घडी केलेली.

जाऊबाईंनी कापड घ्यायचं म्हणजे एक सोहळा असायचा. अंगठ्यावर ताणून बघायचं, उजेडात धरायचं, तिरकं ओढून कानाशी न्यायचं. त्यापायी बायका वैतागून जात. त्या दिवशी त्या खाली मातीतच बसल्या होत्या. त्यांनी घडीवर नुसता तळवा फिरवला आणि धड हाय म्हणाल्या. ओढून बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. केशरबाईनं आपणहून ती निळी बशी वर दिली. बोहारीण न मागता वर काही देते तेव्हाच खरं तर संशय यायला हवा, पण आमच्या दोघींच्याही डोक्यात तेव्हा फक्त परतीची वाट होती.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी ती लुगडी राखेच्या पाण्यात उकळायला घातली. परक्या घरचं कापड, कुणाच्या दुखण्यातलं असलं तर, म्हणून चांगली उकळी येऊ दिली. मग काठीनं वर उचललं, तर शिजलेल्या शेवया ओघळाव्यात तसं ते काठीवरून खाली आलं. कापड केव्हाच कुजलेलं होतं. वरून पातळ खळ देऊन कुणीतरी ते उभं केलं होतं. दोन्ही लुगड्यांतून रुमालाएवढा तुकडासुद्धा धड निघाला नाही.

मी केशरबाईच्या नावानं खूप बोटं मोडली. जाऊबाई म्हणाल्या, तिलाही कुणीतरी तसंच खपवलं असेल. मला ते अजूनही पटत नाही. मग त्या चुलीपुढं बसून राहिल्या. पाणी आटलं, विस्तव विझला, तरी बसून राहिल्या. त्यांनी स्वयंपाकाला हात लावावा म्हणून मी उठवायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दमले गं मी. उद्या बघू."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली. हन्ना आतून ऐकत होती. तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि मुसमुसायला लागली. सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं पाहत होत्या.

सकाळी मी शेणगोठा उरकून आत आले, तर सासूबाई ओसरीत उभ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र कोऱ्या लुगड्यात. घड्यांच्या रेघा तशाच दिसत होत्या आणि हललं की कापड कुरकुरत होतं. आदल्या दिवशीपर्यंत अंगावर असलेलं त्यांचं एकुलतं एक लुगडं त्यांनी धुऊन वाळवून आणलं होतं, आणि ते त्या जाऊबाईंच्या मांडीवर ठेवत होत्या.

जाऊबाईंनी हात मागं घेतले. "आत्याबाई, त्ये तुमचं मातीचं लुगडं हाय. सोडा आधी."

"माती काय पळून चाललीया व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीला थंडी आज वाजतीया. हे माज्या अंगावर लई वर्सं हाय लिडे, यापरीस मऊ तुला नगरात बी मिळायचं न्हाई."

जाऊबाईंनी ते लुगडं उचललं. सवयीनं अंगठ्यावर ताणलं, उजेडात धरलं, कानाशी नेऊन ओढलं. आणि मग त्यातच तोंड खुपसून रडल्या. नातू गेला तेव्हाही त्या माझ्या देखत रडल्या नव्हत्या.

गोधडी नाताळच्या आदल्या दिवशी पुरी झाली. चारी कोपऱ्यांना जाऊबाईंनी आपल्या चोळीच्या बाहीतली निळी चिंधी लावली. त्या वर्षी साखर नव्हती म्हणून करंज्या गुळाच्या, त्याही थोड्याच, आणि डबा नव्हता म्हणून मडक्यात. देवळात सासूबाई पुढं बसल्या. ते लुगडं कशासाठी ठेवलेलं होतं हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं, त्यामुळं त्या आत आल्या तेव्हा बायका माना वळवून बघायला लागल्या. सासूबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की आता कंट्रोल उठेपर्यंत आपली मरायची सोय राहिली नाही. तेव्हा कुठं बायका हसल्या. पोरगी बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तरी जागी झाली नाही, गोधडीत गाढ झोपली होती. आणि जाऊबाई कुणाच्याही लुगड्याकडे न बघता, भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. पाळकसाहेबांना ते दिसलं. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

पोरगी जगली. सासूबाई ते पांढरं लुगडं रोज नेसत राहिल्या, कारण दुसरं नव्हतंच. लढाई संपली पण कंट्रोल संपला नाही. आणखी दोन हिवाळे गेले आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. तोवर ते लुगडं धुऊन धुऊन कसं झालं होतं म्हणून सांगू, हातात घेतलं तर हाताला कळू नये. हन्नाला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. सासूबाईंनी एके दिवशी जाऊबाईंना जवळ बोलावलं.

"हे आता मऊ झालंया," त्या म्हणाल्या. "मातीत नगं घालू. हन्नाच्या लेकराला व्हईल. मला गोनपाट बी चालंल."

जाऊबाई म्हणाल्या, "व्हय, आत्याबाई." मी शेजारी उभी होते, मी ऐकलं.

सासूबाई गेल्या त्या दिवशी मी शेजारून एक जुनी चादर मागून आणली. पण जाऊबाईंनी ते पांढरं लुगडं धुऊन घडी घालून तयार ठेवलं होतं. त्यांनी सासूबाईंना अंघोळ घातली आणि तेच नेसवायला घेतलं. मला राग आला. मरत्या माणसाला शब्द दिलाय तुम्ही, मी म्हटलं. आणि इतकं चांगलं मऊ कापड, ह्या दिवसांत! हन्नाच्या बाळाला काय घालाल?

"माजं हाय की अंगावर," त्या म्हणाल्या. "जलमभर लई चिंध्या राखल्या गं मी. ही येक न्हाई राखत."

मग त्यांनी निऱ्या घातल्या, पदर नीट केला, बारीक काळा काठ हातानं सरळ केला. ते नऊवार आमच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं. घरी आल्यावर जाऊबाई ओसरीत आडव्या झाल्या आणि भर दिवसा झोपल्या. मी ती चादर त्यांच्या अंगावर घातली.