धरणाचा काठ किती लांब?

मी सूड घेतला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी शेवटपर्यंत माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसायचं.

नांदेडला मोजणीच्या एका ऑफिसात मी नोकरीला होते. विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला धरणाचं पाणी फुगून मागं पसरतं, तिथं दोन गावांमधल्या काठावर झाडं लावायची होती. काठ किती लांब, एवढंच काढायचं. आमच्या सरांनी कॉम्प्युटरवर, वरून घेतलेल्या फोटोत रेघ ओढली. सव्वातीन किलोमीटर. मग मला म्हणाले, जाऊन खात्री करून या. तीस मीटरची टेप घेऊन मी चार दिवस बाभळीच्या काट्यांतून, गुडघाभर चिखलातून फिरले. भरले पाच किलोमीटर.

सरांनी सगळ्यांसमोर माझा कागद वर धरला. "बाई धरणावर गेल्याच नाहीत. उदगीरला घरी बसून आकडे टाकले." लोक फिदीफिदी हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पायातले काटे अजून निघाले नव्हते, आणि हा माणूस मला घरी बसवून राहिला! त्या दिवसापासून माझं फील्डवर जाणं बंद झालं, झेरॉक्सच्या मशिनपाशी बसवलं. घरच्यांशी भांडून मी लातूरला मोजणी शिकले होते, ती काय झेरॉक्स काढायला?

चूक कुठं झाली, हे त्या मशिनपाशी बसून मलाच शोधावं लागलं. उलगडलं तेव्हा कपाळावर हात मारला. चूक कुणाचीच नव्हती. ओल्या रानातून बैल चालला तर खळगे ओलांडून जातो, मुंगी निघाली तर प्रत्येक खळग्यात उतरते आणि चढते. रान तेच, पण मुंगीची वाट लांब. पाण्याच्या काठाला तर खाचेत खाच असते. सरांची रेघ बैलासारखी गेली, माझी टेप जरा आत शिरली. माप जितकं बारीक, तितका काठ वाढतो. एकच खरा आकडा नसतोच. किती लांबीच्या टेपनं मोजलं ते शेजारी लिहायचं, भांडण मिटलं.

हे सरांना सांगितलं का? कशाला सांगू!

पुढच्याच वर्षी सरांच्या आकड्यावर मागवलेली रोपं काठ संपायच्या लई आधी संपली. झाडं लावून घेणारे मोठे साहेब भडकले. "परत मोजा. आणि या वेळी तुम्ही स्वतः जा." टेपचं दुसरं टोक धरायला सरांनी मला नेलं.

सर इरेला पेटले होते. माझा आकडा त्यांना खोटाच पाडायचा होता. "मोठी टेप ढिली पडते," म्हणत त्यांनी पाच मीटरची घेतली. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बरोबर आहे सर," मी म्हणाले. पुढं तर मीच दाखवत गेले, "सर, ही बारकी खाच राहून जाईल."

"अगदी आत शिरा बाई, काही सोडू नका."

सोडते कशाला! म्हशी बसून पडलेल्या खड्ड्यांच्या कडेनंही फिरवलं त्यांना. त्यांचा एक बूट चिखलात रुतला तो निघालाच नाही. आठवडाभरानं बेरीज झाली. साडेसहा.

मोठ्या साहेबांनी तिन्ही आकडे समोर ठेवले. "सव्वातीनही तुमचं, साडेसहाही तुमचंच? मस्करी करून राहिलात का?"

"साहेब, महादेवाची आण, मी खरंच मोजलंय."

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सोबत होतात. खरं काय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. 'टेप जितकी छोटी तितका काठ लांब', एवढं एक वाक्य मी बोलले असते तर सर सुटले असते. माझा पाचाचा आकडाही खरा ठरला असता, मीही फील्डवर परत गेले असते. वाक्य जिभेवर होतं. गिळलं.

"मी नुसतं टोक धरलं साहेब. मोजलं सरांनी."

काम तिथल्या तिथं त्यांच्याकडून काढून घेतलं. सूड घेऊन समाधान होत नाही म्हणतात. झालं बाबा, पोटभर झालं.

जिन्यात सरांनी मला गाठलं. हळूच म्हणाले, "मी खोटं मोजलं नाही बाई. तुम्हाला माहीत होतं."

"हाव, माहीत होतं," मी म्हणाले, आणि उदगीरची गाडी पकडायला निघाले.