नोझलमधलं कुंकू

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवायला वर्षातला एक दिवस पक्का नेमून दिलेला आहे: खंडेनवमी. घरोघरी हत्यारांना, यंत्रांना, गाड्यांना हळदकुंकू वाहिलं जातं, तेव्हा मी बॅटरी घेऊन घरभर भोकांत डोकावत फिरतो. बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!" का ते शेवटी कळेल. आधी सांगितलं तर मजा जाईल.

मी तेव्हा जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या, महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळची हजेरी संपवून मी रजिस्टरांवर सह्या करत होतो. ठाण्यात हा रोजचा रतीब. स्टेशन डायरी, मुद्देमाल, शस्त्रं, वाहनं. हवालदार पान उलटतो, बोट ठेवतो आणि साहेब सही ठोकतो. समोर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, मांडीवर पुठ्ठ्याचा छोटा डबा. सुनेची तक्रार असणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं. माणसं ओळखण्याचा माझा अभिमान त्या दिवशी पहिल्यांदा घसरला तो तिथे.

"झाल्या सह्या?" बाईंनी विचारलं.

"झाल्या. बोला."

बाई विमानाच्या इंजिनांच्या इंजिनिअर निघाल्या! वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेतली छोटी विमानं त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी डबा उघडला. आत पितळेचे चार नोझल, करंगळीच्या पेराएवढे. इंजिनात इंधन जातं ते यांच्या सुईएवढ्या भोकातून.

"ठरावीक तास उड्डाण झालं की हे काढून तपासायचेच, अशी सक्ती आहे," त्या म्हणाल्या. "बाद झाला तर कापून टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी वापरायला नको. हे मी नवे म्हणून मागवले. सोबत तपासणीचा कागद आहे, शिक्का आहे. तरी बसवण्याआधी मी चार बाटल्यांत इंधन सोडून पाहिलं. तीन बाटल्या सारख्या भरल्या, चौथी अर्धीच. भिंगाखाली धरलं तर आत लाल कण." त्या पुढे वाकल्या. "साहेब, तीस वर्षं हेच काम करतेय. इंजिनात गंज पाहिला, मुंग्या पाहिल्या. कुंकू पहिल्यांदा पाहिलं."

आमचे हवालदार पिंपळवंडीचे, घरची शेती सांभाळून नोकरी केलेला माणूस. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, "कुंकूच हाये, साहेब. खंडेनवमीचं."

डबा आळेफाट्यावरून एका खाजगी बसमधून आला होता. पार्सलवरच्या नंबरवर बाईंनी आदल्या दिवशी फोन करून पाठवणाऱ्याला विचारलं, 'नोझलमध्ये हे लाल काय आहे?' त्याने फोन कापला, तेव्हापासून नंबर बंद. पण खरी गोम पुढेच होती. डब्यावर लिहिलं होतं: दोनपैकी पहिला.

"दुसरा माझ्याकडे आलेला नाही," बाई म्हणाल्या. "तो कुठल्या तरी विमानात बसला असणार. आमच्या वरच्या कार्यालयाला कळवलंय, पण कुठलं विमान थांबवायचं ते कुणालाच माहीत नाही. शिकणारी मुलं असतात, अठरा-वीस वर्षांची. विमान वर चढताना इंजिनाला सगळ्यात जास्त इंधन लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कमी पडलं तर खाली यायला जागा नसते."

माझ्या अंगात एकदम दहा घोड्यांचं बळ आलं. खरं सांगतो, चोऱ्यामाऱ्या आणि बांधाची भांडणं यांत मुरलेल्या माणसाला विमानाची केस मिळणं म्हणजे दिवाळी आठवडाभर आधी येणं. बाईंना आणि हवालदारांना घेऊन गाडी काढली.

आळेफाट्यावर गॅरेजांना तोटा नाही. पण असली बारीक भोकं साफ करायची तर डिझेल पंप दुरुस्तीवाला पाहिजे, आणि असे मोजकेच. आम्ही साध्या कपड्यांत पहिल्या दुकानात गेलो. मशिनवर कुंकू. दुसऱ्यात गेलो, तिथेही कुंकू. तिसऱ्यात तर वेल्डिंगच्या हँडलपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं लाल. मी वैतागलो.

"कुंकू शोधून काय होणार? ते तर सगळ्यांकडेच आहे."

हवालदार रस्त्यातच थांबले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मंग साहेब, आपण उलटं शोधू. पूजेचं कुंकू कुनी मुद्दाम पुसतं व्हय? जाईल तवा आपसूक जातं. पर ह्या गड्याला काल मॅडमचा फोन गेला. 'लाल काय हाये' म्हनल्यावर त्यो काय करल? ज्याची मशिन कोरी, त्यो आपला."

तिथल्या तिथे त्यांना सॅल्यूट ठोकावा असं मला वाटलं. हुद्दा आडवा आला.

पाचव्या दुकानात ती मशिन आम्हाला सापडली. आरशासारखी लख्ख! दुकान बाकी तेलकट, भिंती काळ्या, आणि मधोमध ती मशिन साबणाने न्हाऊमाखू घातलेली. मालक चाळिशीचा, मूळचा शिनोलीच्या पलीकडचा, हाताची बोटं लांब आणि स्वच्छ. मी ओळख दिली. शेजारचा टायरवाला आणि समोरचा हॉटेलवाला असे दोन पंच बोलावले.

"मशिन कधी धुतली?" मी विचारलं.

"रोजच धुतो, साहेब. मी लई स्वच्छतेचा मानूस."

"राव," हवालदार म्हणाले, "आख्ख्या फाट्यावर कुंकू हाये. तुझ्याच मशिनीला सुतक आलंय का?"

टायरवाला फिसकन हसला. मालक ना हसला, ना बधला. नोझल दाखवले, तर कधी पाहिलेच नाहीत. फोन नंबर, तर त्याचा नव्हेच. मी आवाज चढवला, उतरवला, चहा पाजला. अर्धा तास गेला. पोलिसाला कसं टोलवायचं हे लोक आम्हाला पाहून पाहूनच शिकलेले असतात.

मग बाई पुढे आल्या. त्यांनी एक नोझल उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे वळून, जणू तो माणूस तिथे नाहीच, अशा बोलल्या, "साहेब, हे यांचं काम नसेलच. कुणीतरी अडाण्याने तार घालून खरवडलंय. भोक मोठं करून ठेवलंय."

"तार?" मालक ताडकन उठला. "ताई, तोंड सांभाळून बोला! मी उभ्या जन्मात नोझलला तार लावली न्हाई. रॉकेलात भिजवले, हवा मारली, लाकडाच्या काडीनं पुसले. भोक केसभर बी मोठं झालं न्हाई!"

टायरवाल्याने हॉटेलवाल्याकडे पाहिलं. बाहेरून नाशिकची एसटी हॉर्न वाजवत गेली.

"साहेब," हवालदार अगदी अदबीने म्हणाले, "लिहून घ्यू का?"

मालक मटकन खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. एका दलालाने बाद झालेले नोझल भंगारातून आणून दिले होते. हा साफ करून, पॉलिश मारून, कागदावर शिक्का ठोकून, नव्या डब्यात भरून दलाल सांगेल त्या पत्त्यावर बसने पाठवायचा. खंडेनवमीला दोन्ही डबे मशिनवर उघडेच होते. पूजा करताना सगळ्यांवर चिमूट चिमूट पडली.

"विमानाचे हायेत ते ठाऊक व्हतं," तो मान खाली घालून म्हणाला. "पर त्यो म्हनला, कालेजात पोरांना दाखवायचं इंजिन हाये, उडत न्हाई."

"उडतं," बाई म्हणाल्या. "आणि आत एकटं पोर असतं. दुसरा डबा कुठे पाठवला?"

त्याची नजर वर फळीवरच्या देवांकडे गेली. हवालदारांनी बूट काढले, हात धुतले आणि तसबिरीमागे हात घातला. आधी निघाला रबरी शिक्का, 'तपासले, योग्य' असा इंग्रजीत कोरलेला, हळदकुंकवाने माखलेला. गड्याने मशिन पुसली, पण देवापुढची पूजा मोडायचं धाडस त्याला झालं नव्हतं. शिक्क्याखाली घडी घातलेली बसच्या पार्सलची पावती होती. पत्ता दुसऱ्या राज्यातल्या एका धावपट्टीचा. पावतीवर फोन नंबर.

घड्याळात पावणेचार. बाईंनी नंबर फिरवला.

"नवे नोझल कुठल्या विमानात बसवले?... ते आत्ता कुठे आहे?... बाहेर? इंजिन चालू?" बाईंचा आवाज एवढासुद्धा चढला नाही. "वायरलेसवर सांगा, इंजिन बंद. कारण नंतर देते. आधी बंद."

मग आम्ही वाट पाहिली. मी, हवालदार, दोन्ही पंच आणि आरोपी, पाचही जण त्या फोनकडे बघत. आरोपी तर हात जोडून बसला होता. तासाभराने फोन वाजला. एक मुलगी पहिल्यांदाच एकटी उडणार होती. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलेलं होतं. तिथून परत आणलं, नोझल काढले, बाटल्या भरल्या. एक बाटली निम्मी.

"आत पिवळं सापडलंय," बाई म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "मला कुंकू आलं, त्यांना हळद."

पंचनामा, जप्ती, अटक सगळं रीतसर झालं. मालकाच्या जबाबावरून दलालालाही दुसऱ्या दिवशी उचललं. पण मी सांगायला बसलोय ते पुढचं आहे.

संध्याकाळी ठाण्यात जबाबावर सही करून बाई उठल्या. दाराशी बंदुकांचा रॅक. दसऱ्याच्या शस्त्रपूजेचं हळदकुंकू, सुकलेली फुलं अजून तशीच.

"पूजा छान केलीय," त्या म्हणाल्या. "नळीत पाहिलंत?"

"अर्थात," मी रुबाबात म्हणालो. "सकाळीच सही केलीय."

"हो, मी समोरच बसले होते," बाई म्हणाल्या आणि नमस्कार करून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी बॅटरी मागवली. पहिली बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट उघडला, नळीत पाहिलं. स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीत पलीकडचा उजेड दिसेना. हवालदारांनी काडी घातली, तर कुंकवाचा गोळा आणि त्यात चिकटलेल्या दोन अक्षता बाहेर आल्या. रजिस्टर उघडलं. त्या दिवशीची नोंद होती, 'शस्त्रे तपासली, आतून स्वच्छ, सुस्थितीत'. खाली माझी सही, चांगली ठसठशीत, वळणदार.

त्या पंपवाल्याला मी दुपारी हातकड्या घातल्या होत्या. आम्हा दोघांत फरक होता तो एवढाच, की त्याने शिक्का मारला होता आणि मी पेन वापरलं होतं. पुढे नोकरीत खूप आरोपी पकडले, पण तपासणी म्हणजे काय हे मला शिकवलं त्या बाईंनी. कागद सांगतो की कुणीतरी पाहिलं. आपण पाहिलं की नाही, हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. आणि तिकडे धावपट्टीच्या तोंडाशी कुणाची तरी पोर बसलेली असते, कागदावर विश्वास ठेवून.

मी तिथेच उभा होतो, तळहातावर त्या दोन अक्षता घेऊन. हवालदार खाकरले.

"साहेब, ह्ये बी लिहून घ्यू का?"

"घ्या," मी म्हणालो. "सगळं घ्या."

त्यांनी लिहिलं. मी नळी पुन्हा डोळ्याला लावली. पलीकडचा उजेड दिसला, मग सही केली.