कॅप्टन ‘तुम्ही’ म्हणतो तेव्हा

भामरे पुन्हा त्याच वाक्यावर थांबले. काचेपलीकडच्या खोलीत त्यांनी हेडफोन काढून हातात घेतला आणि माइकमध्येच म्हणाले, “मॅडम, हे रागावणं झालं. काढून टाकणं नाही झालं.”

वाक्य साधं होतं. “बस्स. तू इथे उतर.”

मी डबिंगचे संवाद लिहिते. परदेशी मालिकेतली माणसं तुमच्या टीव्हीवर मराठीत बोलतात, ते आमच्यासारख्यांचं काम. मी लिहिते आणि माझा भागीदार शिरीष रेकॉर्डिंग बघतो. गंगापूर रोडला आमचा लहानसा स्टुडिओ आहे. पूर्ण सीझनचं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते जमलं तरच पुढचा सीझन मिळणार होता.

मालिका अंतराळातली होती, पण तिथे चकचकीत काही नव्हतं. धुळीने भरलेले ग्रह, कमरेला पिस्तुलं आणि एक मोडकं मालवाहू यान. यानातले सगळे फरारी चोर. मला गंमत वाटायची ती त्यांच्या नियमांची. पाण्याचा साठा लुटायचा नाही. जखमी माणसाला मागे टाकून पळायचं नाही. आणि आपल्यातल्या कोणाचीही खबर पोलिसांना द्यायची नाही. सरकारचा एकही कायदा न मानणारी ही माणसं आपले हे नियम मात्र काटेकोर पाळायची.

पाचव्या भागात यानाचा पायलट खबर देतो. त्याच्या भावाला पोलिसांनी धरलेलं असतं, त्याला सोडवायला. कॅप्टनला कळतं. शिक्षा ठरलेलीच असते, यानातून बाहेर. एका ओसाड चंद्रावर कॅप्टन त्याला उतरवतो. पण उतरवताना ऑक्सिजनचा एक जादा सिलिंडर त्याच्या शेजारी ठेवतो. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत तू की तुम्ही, हे ठरवावंच लागतं. चार भाग कॅप्टन पायलटला ‘तू’ म्हणत आला होता. त्या प्रसंगात मी ‘तुम्ही इथे उतरा’ असं लिहिलं. स्क्रिप्ट परत आलं. मुंबईच्या क्लायंटकडून रश्मी मॅडम काम तपासायच्या. त्यांचा शेरा होता, ‘कंटिन्युइटीची चूक. गद्दाराला रिस्पेक्ट का?’

मी फोन करून लिपसिंकचं कारण पुढे केलं. लिपसिंक म्हणजे पडद्यावरचे ओठ आणि आपले शब्द जुळणं. तिथे कॅप्टनचे ओठ पहिल्या शब्दालाच मिटतात, त्यामुळे प, ब, म असं काहीतरी हवं, ‘तुम्ही’ बरोबर बसतं, असं मी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, मग आधी ‘बस्स’ टाका. ‘बस्स. तू इथे उतर’ असं कायम झालं.

आणि आता भामरे अडले होते. ते कॅप्टनचा आवाज. सटाण्याला बँकेत नोकरी, हौशी नाटकांत कामं, रविवारी एसटीने रेकॉर्डिंगला यायचे. शिरीषने त्यांना बाहेर बोलावून चहा दिला. चहा घेता घेता त्यांनी वडिलांची आणि काकांची गोष्ट सांगितली. दोघे सख्खे भाऊ, लहानपणापासून अरे-तुरे. कुठल्याशा सोयरिकीवरून बिनसलं. त्यानंतर काका घरी आले, की वडील म्हणायचे, या, बसा, चहा घ्या.

“शिव्या घातल्या असत्या ना, तर काका दुसऱ्या दिवशी परत आले असते,” भामरे म्हणाले. “त्या ‘बसा’नंतर ते आलेच नाहीत.”

शिरीषने दोन्ही टेक घेतले, तू आणि तुम्ही. आम्ही रश्मी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि दोन्ही ऐकवले. त्यांनी ‘तुम्ही’वाला परत लावायला सांगितला. मग थोड्या नाराजीनेच त्यांनी आतापर्यंत लपवलेली गोष्ट सांगितली. शेवटच्या भागात पायलट परत येतो आणि कॅप्टन त्याला यानात घेतो. गुप्ततेच्या करारामुळे ते स्क्रिप्ट आमच्याकडे आलं नव्हतं.

“मग तेव्हा काय कराल? दोघं तुम्ही-तुम्ही करत बसणार?”

मी विचारलं, कॅप्टन तिथे नेमकं काय म्हणतो? त्यांनी समोरचे कागद चाळले. माफी वगैरे काही नाही, म्हणाल्या, नुसतं इंजिन चालू करायला सांगतो.

“इंजिन चालू कर,” मी म्हणाले.

त्यांनी कागद खाली ठेवले. “म्हणजे ‘करा’ नाही.”

“नाही.”

शेजारी शिरीषने खुर्ची मागे सरकवली आणि तो हसला. मॅडमनी मान्यता दिली, पण प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या तर जबाबदारी तुमची, हेही बजावलं.

शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग महिनाभराने झालं. भामऱ्यांनी ‘इंजिन चालू कर’ पहिल्याच टेकला दिलं, काही विशेष घडलेलंच नाही अशा आवाजात. अडलं ते पायलटचं. त्याचा आवाज देणारा नीलेश देवळाली कॅम्पचा. उत्तरात त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ते काही केल्या त्याला जमेना. कधी रडका व्हायचा, कधी खूश. शेवटी भामरे आत जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले आणि तेच वाक्य त्याच्याकडे न बघता पुन्हा म्हणाले. नीलेशच्या तोंडून जे ‘हो’ निघालं, ते मालिकेत आहे.

तक्रारी आल्याच. पाचव्या भागाखालच्या प्रतिक्रियांत एकाने लिहिलं होतं, की भाषांतर करणाऱ्याला झोप लागली असावी. मॅडमनी ते मला पाठवलं, वर काही न लिहिता. पुढच्या सीझनचं काम मात्र आमच्याकडेच आलं, आणि या वेळी सगळे भाग आधी पाठवले.

चोरांमध्ये असे नियम खरंच असतात का, मला माहीत नाही. मी काही कोणा चोराला ओळखत नाही. पण आता नवी मालिका हातात आली, की कोण कोणाला काय म्हणतो ते मी आधी ठरवून घेते. गोळीबाराचं नंतर बघता येतं.