सही हमीदभाईंची, यादी माझी

ती यादी मी बदलली होती. हमीदभाईंनी नाही. चौदा वर्षं हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नाही. ज्यांच्यासाठी ते उच्चारायला हवं होतं ते आता राहिले नाहीत, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे आठवणी येतील, त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतील, आणि त्यांच्याआड मी पुन्हा लपेन अशी भीती वाटते.

दीड महिन्यापूर्वी सकाळी कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलच्या नव्या मुलींची निवड चालू असताना हमीदभाईंच्या पत्नीचा, मुमताजभाभींचा फोन आला. "गये वो," एवढंच म्हणाल्या. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला, हमीदभाई गेल्याचं मुलींना सांगितलं आणि घरी जायला सांगितलं. एकीनं विचारलं, "कोन होते सर?" ज्या संघात घ्यावं म्हणून ती पहाटे पाचला उठून आली होती तो संघ ज्या माणसानं उभा केला, त्याचं तिनं नावही ऐकलेलं नव्हतं. कारण चौदा वर्षांत हमीदभाईंनी त्या मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. आणि त्याचं कारण मी होतो.

चंद्रपुरात वरोरा नाक्याजवळ त्यांचं मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं दुकान होतं. लहानपण ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये गेलं, तिथल्याच सिमेंटच्या मैदानावर ते बास्केटबॉल शिकले आणि जिल्ह्याकडून खेळले. मी क्रीडाशिक्षक म्हणून कॉलेजात लागलो तेव्हा ते आमच्या मुलींना फुकट शिकवत होते. मी कबड्डीतला. बास्केटबॉलचे नियम मी पुस्तकातून पाठ केले होते, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही कबड्डीवाले ना? मंग तुम्ही शिट्टी वाजवा. बाकीचं मी पाह्यतो." आणि स्वतःच हसले. मीही हसलो. मग पाच वर्षं आम्ही तसंच केलं.

नव्या मुली पारखायची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुणाजवळ पाहिली नाही. प्रवेश झाले की तीन दिवस निवड चाले. पहिल्या दिवशी बॉल बाहेर काढायचाच नाही. चाळीस-पन्नास मुली नव्या बुटांत उभ्या, आणि हे त्यांना नुसतं पळायला, थांबायला, वळायला, उडी मारून खाली यायला लावत. मी वैतागायचो. "बॉल हाती देला का पोरगी तिले जे दाखवाचं ते दाखवते," ते म्हणायचे, "बॉल नसला का जे आहे ते दिसते. हात शिकवता येतात मास्तर. पाय घरूनच आनावे लागतात." दुसऱ्या दिवशी बॉल मिळे, पण बास्केट करायला बंदी. फक्त पास. तासाभरानं खेळ थांबवून ते एकेकीला विचारत, "तुझ्या बाजूनं खेळल्या त्या चौघींची नावं सांग." जिला सांगता येत नसत तिच्या नावापुढे ते काही लिहीत नसत, पण चेहरा पडायचा त्यांचा. तिसऱ्या दिवशी दमवून दमवून मग शेवटी बास्केट. पुढे मोठ्या शिबिरांत मी बऱ्याच तज्ज्ञ मंडळींना मुली निवडताना पाहिलं. उंची मोजायची, वजन मोजायचं... नावं कुणीच विचारली नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला बारा नावं सांगत आणि मी लिहून घेई. तीन दिवस दुकान बंद ठेवल्यावर चौथ्या सकाळी पुन्हा ते सोडून त्यांना कॉलेजात येणं जमत नसे आणि आमचा टायपिस्ट दुपारनंतर सापडत नसे. म्हणून एक रीत पडली होती. ते कॉलेजच्या कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून ठेवत, वर नावं मी दुसऱ्या दिवशी टाइप करून घेई आणि कागद बोर्डावर लावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे मी त्यांना एकदा म्हटलंही होतं. ते म्हणाले, "तुमच्याजवळच तं ठेवून राह्यलो." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

त्या वर्षी ते धानोऱ्याकडच्या एका गावी कुणाच्या तरी लग्नाला गेले होते आणि येताना वनिता मडावीचं नाव घेऊन आले. आश्रमशाळेच्या मैदानावर त्यांनी तिला खो-खो खेळताना पाहिलं होतं. बास्केटबॉल तिनं हातात धरला नव्हता. हे तिच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांना, दसरूभाऊंना म्हणाले, "पोरगी चंद्रपूरले द्या. होस्टेल मिळंल, शिक्षन होईल. जबाबदारी माझी." खेळाडू मुलींसाठी आमच्या होस्टेलात आठ खाटा राखीव होत्या. संघात नाव लागलं तर खाट, खाट मिळाली तर कॉलेज. तिच्यासाठी दुसरा रस्ता नव्हता, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वनिता आली. पहिल्या दिवशी हमीदभाई माझ्याकडे न बघता नुसतं म्हणाले, "पाह्यलं?" मी पाहिलं होतं. वळताना तिचा पाय जमिनीला धरून असायचा, घसरायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चौघींचीच नाही, समोरच्या पाचजणींचीही नावं सांगितली, आणि एकीचं नाव हमीदभाई चुकले ते दुरुस्त केलं. पोरी हसल्या. त्यांच्या यादीत ती पहिली होती.

माझ्या खिशात मात्र मे महिन्यापासूनच दुसरी यादी होती. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांबरोबर मी नागपूरला जाऊन सहा तयार, उंच मुली पाहून आलो होतो. त्यांना संघातल्या जागा आणि होस्टेलच्या खाटा कबूल करून आलो होतो. आम्हाला विद्यापीठाची ढाल हवी होती, आणि मला माझी नोकरी कायम व्हायला हवी होती. हमीदभाईंना यातलं काही सांगितलं नाही. तीन दिवस तो माणूस दुकान बंद ठेवून उन्हात उभा राहिला, आणि मी शेजारी शिट्टी वाजवत होतो. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या सहीच्या वर माझी नावं टाइप करून घेतली. त्यांत वनिता नव्हती; तिची खाट नागपूरच्या एकीला गेली.

ते दुपारी आले. बोर्ड वाचून माझ्या खोलीत आले, बसले नाहीत. "सही माझी आहे, मास्तर," ते म्हणाले. "यादी कोनाची आहे?"

मी म्हणालो, वरून आलं, माझ्या हातात नव्हतं, माझं कन्फर्मेशन अडकलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नोकरी होईल ना पक्की?" मी मान हलवली. "मंग ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण मी खरा दगा केला तो यानंतर. संध्याकाळी वनिता आणि दसरूभाऊ बोर्डापुढे उभे होते. पिशवीत तिचे कपडे होते, स्टीलचा डबा होता. दसरूभाऊंनी मला विचारलं, "हे कोनं केलं सर?" मी बोर्डाकडे बोट केलं. "खाली सही आहे ना हमीदभाईंची. खेळाचं सगळं तेच पाहतात." वनितानं ती सही पुन्हा वाचली. मग तिनं पिशवी उचलली.

पुढचं थोडक्यात सांगतो. ढाल आली नाही. सहापैकी चौघी पुढच्याच वर्षी मोठ्या कॉलेजात गेल्या, जाताना मला सांगितलंही नाही. तेव्हा मी घरी येऊन बायकोला म्हणालो होतो की लोक फार दगाबाज असतात... हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. हमीदभाईंनी निवडीला येणं सोडलं. रस्त्यात भेटले तर सलाम करत, तब्येत विचारत, माझ्या गाडीची सीट फाटली तेव्हा शिवूनही दिली. खरं सांगायचं तर त्यांच्या त्या शांतपणाचा मला राग यायचा. वाटायचं, हा माणूस मला बोलत नाही म्हणजे मला माफीची संधीच देत नाही, हा यांचाच दगा. माणूस स्वतःला वाचवायला कुठपर्यंत जातो, पाहा.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. किडन्या गेल्या होत्या, हात सुजलेले. मला पाहून म्हणाले, "या वर्षीच्या पोरी कशा आहेत?" मी सांगू लागलो: एक लेफ्टी आहे, एक राजुऱ्याची आहे, उंच आहे. त्यांनी मध्येच थांबवलं. "पायाचं सांगा." मी पायाचं सांगितलं. मग म्हणाले, "वनिताच्या घरी मी गेलतो, यादी लागली त्याच महिन्यात. दसरूभाऊनं आंगनातूनच परत पाठवलं. म्हने सही तुमचीच आहे."

"तुम्ही सांगायचं ना, की..."

"काय सांगू? चोर बी हेच म्हनते का मी नाई केलं. माझा शब्द त्या घरात संपला, मास्तर. आता तुम्हीच सांगा तिले." आणि वर जरासे हसून म्हणाले, "नोकरी तं पक्की झाली ना आता?"

मी हो म्हणालो. नक्की सांगतो म्हणालो. त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले आणि मी वनिताकडे गेलो नाही. या वर्षी निवड लांबली होती, हे कारण मी स्वतःला दिलं.

दफनाला जुन्या खेळाडू मुली आल्या होत्या, आता कुणी शिक्षिका, कुणी पोलिसात. कब्रस्तानाबाहेर रस्त्याच्या कडेला पदर घेऊन त्या बराच वेळ उभ्या होत्या. मुमताजभाभींनी नंतर विचारलं, "वो मडावी की लडकी नहीं आयी? उसका बहुत नाम लेते थे." कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. हमीदभाईंनी घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं.

मागच्या रविवारी मी धानोऱ्याला उतरलो, तिथून एकाच्या गाडीवर गावात गेलो. वनिता आता आशा सेविका आहे. दारात रजिस्टर भरत बसली होती. मला तिनं लगेच ओळखलं, पण उठली नाही. मी हमीदभाई गेल्याचं सांगितलं. "आईकलं," ती म्हणाली. "मले काऊन सांगून राह्यले?"

मग मी सांगितलं. कोरा कागद, सही, नागपूर, सगळं. ती रजिस्टरवर पेन धरून ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "ते इथी आलते. मी आत होती. बाहेर नाई आली." अंगणात तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी कोंबड्यांमागे पळत होती, आणि मी सवयीनं तिच्या पायांकडे पाहिलं. वनितानं ते पाहिलं. "नोका पाहू," ती म्हणाली. "शाळेचे सर म्हनतात पाठवा खेळाले. मी नाई पाठवत. कोनाच्या शब्दावर पाठवू?"

मी म्हणालो, "वनिता, मला माफ..."

"मले नोका म्हनू," तिनं तोडलं. "शब्द त्याइनं बाबाले देल्ला होता. बाबाले सांगा."

दसरूभाऊ कुंपणाजवळ बांबूच्या कमच्या तासत बसले होते. खूप थकलेले दिसले. मी त्यांच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो आणि हळू आवाजात, घरून ठरवून आणलेली दोन-तीन वाक्यं बोललो. त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा बोललो. त्यांनी वनिताकडे पाहिलं.

"त्याइले आईकू येत नाई," ती दारातूनच म्हणाली. "जोरानं बोला."

शेजारच्या अंगणात दोन बाया साठवलेली मोहाची फुलं निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. ठरवून आणलेली वाक्यं मला आता आठवेनात. मी उभा राहिलो, हात जोडले आणि ओरडलो:

"भाऊ, हमीदभाईंनी तुम्हाला फसवलं नाही! मी फसवलं! तुमच्या पोरीचं नाव त्यांनी सगळ्यात वर ठेवलं होतं, ते मी काढलं! आणि त्यांचं नाव सांगितलं! माझं चुकलं, भाऊ! मला माफ करा!"