मन्नाएखेळ्ळीतल्या चुलीखालच्या चुली

"जेसीबी यायच्या आत जमीन बघून घ्यायचीय. येतेस?" पुरातत्त्व शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, मेधाने विचारलं आणि मी बॅग भरली. बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत तिच्या एका विद्यार्थिनीच्या मामांनी जुनं घर पाडलं होतं. पायाच्या चरात जाडजूड खापरं निघाली, म्हणून भाचीने त्यांना जरा थांबवलं होतं.

पुण्याहून सोलापूर, तिथून हैदराबादकडची बस. उमरगा मागे पडलं की पाट्या कन्नड होतात, शेजारच्या सीटवरचं बोलणं मात्र मराठीच राहतं. हुमनाबादच्या स्टँडवर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी खायला विसरू नका. आम्ही मुक्कामही तिथेच केला.

दुसऱ्या दिवशी मामा, म्हणजे काशिनाथअण्णा, गावाजवळ हायवेला वाट बघत उभे होते. "तरणा व्हतो तवापासून हैद्राबादला गवंडीकाम केलो. आता कुठं गावात दुकानं बांधायलोय," चालता चालता ते म्हणाले. मग थांबून, "म्याडम, काई निघालं तर सरकार जागा घेतंय का वो?"

"पुरातत्त्व खात्याला कळवावं लागेल. ते येऊन बघतील," मेधाने खरं तेच सांगितलं. "बांधकाम बंदच करतील असं मला वाटत नाही. पण शब्द कसा देऊ?"

अण्णांनी एकदा मोकळ्या झालेल्या जागेकडे बघितलं. तरी खणायला त्यांनीच सुरुवात केली.

स्वयंपाकघराच्या जागी मेधाने चौकोनी खड्डा आखला. वरचा थर निघाला तशी लालभडक भाजलेली माती आणि राख दिसली. चूल! त्याखाली चोपलेली जमीन, आणि तिच्याखाली पुन्हा राख. आणखी खाली तिसरी चूल निघाली, शेजारी काळ्या चकचकीत खापरांचे तुकडे. मेधाचा आवाज एकदम खाली आला. "ही खापरं बहमनी राज्याच्याही आधीची असावीत."

चहा घेऊन आलेल्या शांताअक्का, अण्णांच्या पत्नी, काठावर थबकल्या. "माझी चूल बी हितंच व्हती की! सासूबाईनं जागा दावली. समद्या जणी हितंच कामून मांडत आल्या?"

"वाऱ्यामुळे असेल. मला नाही सांगता येत," मेधा म्हणाली.

अक्का खाली उतरल्या आणि राखेपाशी उकिडव्या बसल्या. 

"हितं तर पिलर येतंय," अण्णा म्हणाले.

"सरकवा," अक्का म्हणाल्या.

"नकाशा बदलावा लागंल."

"मग बदला. गवंडी तुमीच हाव न्हवं?"

अण्णा हसले आणि टेप घेऊन आले. नकाशात दुकानं थोडी पुढे सरकली, मागे मोकळी जागा सुटली. मेधाने मोजमापं घेतली, चित्रं काढली, फोटो घेतले आणि चुली जपून राहाव्यात म्हणून खड्डा वाळूने अलगद भरून टाकला. महिन्याभराने खात्याची माणसं पाहून गेली. दुकानांना त्यांची हरकत नव्हती.

त्या खेपेला परतताना आम्ही बिदरचा किल्ला पाहिला. भव्य आहे, तुम्हीही बघा. पण घरी आल्यावर डोळ्यांपुढे किल्ला येत नाही. तिसऱ्या चुलीच्या राखेवर तळहात टेकवून अक्का अगदी हळू "गार हाय" म्हणाल्या होत्या, जशी काही ती चूल आत्ताच कुणीतरी विझवली असावी. ते एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येतं.